शेवटाला जोडणारी बाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. रविवार होता. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून परात मधे ठेवली होती. ती एका बाजूला, मी दुसऱ्या. ती बोटानं नुसतं दाबायची, साल बाजूला आणि अख्खा दाणा टोपात. माझ्या हातात आला की दाण्याचे दोन तुकडे.

"अहो, वाल आहे तो. ट्रेलरचा गिअर नाही."

"पोटात जाऊन तुकडेच व्हायचेत ना?"

"मग सालीसकट गिळा. सोलता कशाला?"

पुढचा दाणा उचलत मी विचारलं, "उद्या सांगणार ना तुझा साहेब?"

"सांगेल."

"नाही म्हणाला तर?"

"तर घरी बसून दिवसभर तुमचं तोंड बघायचं. म्हणून म्हणते, हो म्हणू दे."

बेलापूरला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत ती प्रोग्राम लिहायची. कित्येक वर्षं टेंपररी. आता तिला कायम करायचं की जा म्हणायचं, हे साहेब सोमवारी सांगणार होते. तिला कायम व्हायचं होतं. साडी, सोनं, माथेरान, कशाची हौस तिनं कधी केली नाही. ही एकच होती, आणि ती पण अशी करवादून सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं बाईला नोकरीचा कंटाळा आलाय.

त्याच दुपारी ती गेली. ते पुढे येईल.

आधी हे सांगतो की माझी बायको सुमन मनमिळाऊ नव्हती. विहारात शोकसभा झाली तेव्हा एक वक्ता उभा राहिला आणि तिला मनमिळाऊ, प्रेमळ, सर्वांना सांभाळून घेणारी असं म्हणाला. ह्या माणसानं तिला कधी पाहिलेलं नाही, हे तिथंच कळलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. ह्या सेक्रेटरीनं एकदा जाता जाता आमच्या दारावरची वाकडी पाटी सरळ केली होती. न विचारता. तिनं ती पुन्हा वाकडी केली, दोन जिने उतरून खाली गेली आणि त्याला म्हणाली, "वाकडी असली तरी माझी आहे." तेव्हापासून तो आमच्या मजल्यावर आला की हात मागे बांधून चालायचा.

हे तिचं मुख्य लक्षण. कुठलीही वस्तू समोर आली की पहिला प्रश्न, "हे कोणाचं आहे?" दुसऱ्याचं असेल तर त्याच्या मधे हात घालायचा नाही. अगदीच अडलं तर आपलं काय असेल ते शेवटाला जोडायचं, आणि तेही असं की पुढच्याला पत्ता लागता कामा नये.

माझी आई होती तोवर सुकटीचं कालवण आईच करायची. तिखट असं की जेवून उठलेला माणूस आंघोळ केल्यासारखा दिसायचा. दुसरी सून असती तर मिरच्या कमी करायला गेली असती आणि घरात महाभारत झालं असतं. हिनं मिरचीला हात लावला नाही. टोप खाली उतरला आणि आई हात धुवायला वळली की हिची आमसुलं आत. आई मरेपर्यंत अख्ख्या महाड तालुक्यात सांगत होती, की मुंबईकडच्या पाण्यानं माझ्या हाताला चव आली.

माझ्या पँटची पण तीच गत. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचो. कंपनीची खाकी पँट, खिसे एवढेसे. गेटपास ठेवायचा तर त्याच्या घड्या घालून घालून चिंधी व्हायची. मी म्हटलं, खिसा उसवून मोठा कर. "कंपनीचा कपडा आहे, उसवायचा नाही." मग तिनं जुन्या पडद्याचा एक मोठा खिसा बाहेरून मांडीवर शिवला. पडदा फुलांचा होता. यार्डात मला 'माळीबुवा' हे नाव पडलं. सुपरवायझरनं हरकत घेतली तर तिनं निरोप पाठवला, की कंपनीच्या कापडाचा एक दोरा कापलेला नाही, टाके काढले की होती तशी पँट परत मिळेल. सुपरवायझर खाली वाकून माझ्या मांडीचे टाके बघत बसला. मग म्हणाला, "बाई काय करते तुमची?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी सातवी नापास, ती मॅट्रिक पास. तिच्या बापानं ट्रेलर ड्रायव्हर काय म्हणून पसंत केला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही आणि हे ती पाहुण्यांसमोर बोलून दाखवायची. लग्नानंतर फोर्टात एका कंपनीत कार्डांना भोकं पाडायच्या कामाला लागली. तेव्हा कॉम्प्युटरला सगळं भोकांच्या कार्डांतून सांगायचे. हॉलभर बायका, दिवसभर खडखडाट. त्यातल्या दोघी-चौघींना कंपनीनं प्रोग्राम लिहायच्या क्लासला पाठवलं, त्यात ही. तिथलेच एक देवस्थळी साहेब पुढे बेलापूरला स्वतःची कंपनी काढून बसले आणि हिला घेऊन गेले. "सुमनताई, तुमच्याशिवाय होणार नाही," असं म्हणून नेलं. कायम करायचा विषय निघाला की, "बघू या." ह्या दोन वाक्यांवर त्या माणसानं ती सगळी वर्षं काढली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान तिसरं वाक्य शोधलं असतं.

आता ज्या कामामुळे हे सगळं झालं ते सांगतो. मला कळलं तेवढंच सांगतो, आणि मला तिनं जेवता जेवता सांगितलं होतं, त्यामुळे त्यात कालवण मिसळलेलं असेल.

आमच्याच यार्डाचं काम देवस्थळींकडे आलं. यार्डात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरची माहिती शिपिंग कंपनीच्या कॉम्प्युटरला पाठवायची. ते पाठवायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रामच, देवस्थळींनी परदेशातून तयार विकत घेतला होता. त्याला लायब्ररी म्हणतात. आत काय आहे ते बघता येत नाही, उघडून दुरुस्त करता येत नाही. फक्त त्याच्या हातात माहिती द्यायची आणि काम सांगायचं. माहिती द्यायची ती पण त्याच्याच पद्धतीनं, ओळीनं खण असल्यासारखी. पहिल्या खणात कंटेनरचा नंबर, दुसऱ्यात साइझ, तिसऱ्यात वजन, चौथ्यात दाराच्या सीलचा नंबर. संपलं.

तेवढ्यात शिपिंग कंपनीनं कळवलं, की थंड कंटेनर असेल तर आतलं तापमान आणि यार्डात तो ज्या विजेच्या प्लगला लावलाय त्याचा नंबर पण पाठवा, नाहीतर आम्ही थंड माल घेणार नाही. आमच्या यार्डातून कोळंबी जायची. थंड माल गेला नाही तर यार्डाला देवस्थळी नको होते.

"मग त्या लायब्ररीवाल्यांना सांग, दोन खण वाढवून द्या."

"सांगितलं. ते म्हणतात पुढच्या वर्षी."

"मग आता?"

"त्यांचे चार आहेत तसे ठेवायचे. मागे लागून आपले दोन. ती लायब्ररी खणावरचं नाव वाचत नाही हो, नुसते मोजते. एक, दोन, तीन, चार. पुढे बघतच नाही. तिचे चार तिला मिळाले की ती खूश. मागचे दोन आपला प्रोग्राम वाचेल आणि मेसेजच्या शेवटी लावेल."

"म्हणजे माझ्या पँटचा खिसा."

"जेवा."

आता कोणाला वाटेल की बाई भलतीच हुशार. तसं काही नाही. तिचं चुकलं होतं, आणि ते चुकलेलं पकडलं चिटणीसनं. चिटणीस हा तिशीतला माणूस, बंगलोरहून आलेला, बूट असे की वाकून भांग पाडावा. देवस्थळींनी त्याला आणला तेव्हाच सुमनला कळलं की आता 'बघू या' फार दिवस चालायचं नाही. ह्या चिटणीसनं दाखवून दिलं, की लायब्ररी कामाच्या मधे एका ठिकाणी त्या माहितीची स्वतःसाठी नक्कल काढते. तिला खण चारच माहीत, म्हणून नक्कल चारांचीच. मागचे दोन वाटेत गळतात.

तिला हे पटेना. "असं होणारच नाही," म्हणायची. त्या दिवसांत आमच्या भाजीत मीठ नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं तर मिठाचा डबाच माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि लायब्ररीचं ते जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन वाचत बसली. महाडच्या इंग्रजीत, मोठ्यानं. शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे कोणी फादर उतरलाय. मग एक दिवस भाजीत बरोबर मीठ पडलं. मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "चिटणीसचं बरोबर होतं." एवढं वाक्य बोलायला तिला अख्खी भाकरी लागली. मग उपाय केला. माहिती लायब्ररीच्या हातात देण्याआधी मागचे दोन खण कंटेनरच्या नंबराखाली बाजूला ठेवायचे आणि काम झालं की परत जोडायचे. चालू झालं.

आणि चालू झाल्यावर ही बहिणीच्या मुलीच्या लग्नाला महाडला गेली.

चिटणीसला नीटनेटकं लागायचं. त्यानं ती ओळ बघितली आणि त्याच्या मनात आलं, की हे तापमान असं शेपटीला काय लोंबतंय? वजनाच्या शेजारी शोभेल. त्यानं उचललं आणि वजनाच्या आधी ठेवलं. घरात पाहुणे यायच्या आधी आपण खुर्च्या सरकवतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी मी कोळंबीचा कंटेनर घेऊन गेटला आलो. गेटवर म्हात्रे म्हणून क्लार्क, तिथलाच गाववाला. मशीनमधून कागद निघाला. त्यानं कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग वर कंटेनरकडे.

"काका, आत काय हाय?"

"कोळंबी."

"कोलंबी हाय का फुगं हायत? वजन उने अठरा किलो दिलाय. ट्रेलर धरून बसा, नायतर समुद्रावर उरत जाल."

उणे अठरा हे आतलं तापमान होतं. लायब्ररीनं मोजलं, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या खणात जे सापडलं ते वजन म्हणून पाठवलं. खरं वजन सरकून सीलच्या जागी. माझ्या मागे ट्रेलरची रांग लागली, सगळे कंटेनर हलके होऊन उभे. शिपिंग कंपनीच्या कॉम्प्युटरनं सगळं परत पाठवलं. रांगेत प्लग नाही, वर ऊन, आत कोळंबी. यार्डाचा मॅनेजर फोनवर देवस्थळींना जे बोलत होता ते गेटपर्यंत ऐकू येत होतं आणि त्यातलं इथं लिहिण्यासारखं काही नाही.

शेवटी कंटेनर परत आत नेऊन प्लगला लावले. सुमन महाडहून मिळेल त्या एसटीनं तशीच यार्डात आली, अंगावर लग्नातली साडी. चिटणीस कॉम्प्युटरच्या खोलीत बसला होता. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं आता ह्याची धडगत नाही. तिनं स्क्रीन बघितला आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?"

"माझं," चिटणीस म्हणाला. "मीच बदललं."

"नाही." तिनं काचेवर बोट ठेवलं. "इथपर्यंत त्यांचं. इथून पुढे आपलं."

"पण ताई, मधे टाकायचं नाही असं तुम्ही कुठं लिहून ठेवलं नव्हतं."

तिनं काचेवरचं बोट काढलं. "नव्हतं," म्हणाली. "हे लिहून ठेवावं लागतं हे मला माहीत नव्हतं."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं की खरं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण चिटणीसच्या हातूनच तिनं ते परत शेवटाला नेलं, स्वतः कीबोर्डला बोट लावलं नाही. नंतर त्याला तिनं आपल्या डब्यातला लग्नाचा लाडू दिला. तो लाडू किती टणक होता ते मला माहीत आहे, मी पण खाल्ला होता. त्यावरून त्याला झालेली शिक्षा कमी समजू नये.

शनिवारी यार्डानं काम पास केलं. कोळंबी गेली, तापमानाच्या जागी तापमान, वजनाच्या जागी वजन. देवस्थळी तिला म्हणाले, "बघा, किती सोपं होतं." आणि मग म्हणाले, "तुमच्या कायमचं सोमवारी सांगतो." घरी आल्यावर तिनं मला हे दोनदा सांगितलं. ती कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसे.

रविवारी वाल सोलून झाल्यावर जेवलो. "जरा पडते, चहाला उठवा," म्हणाली. मी चहा टाकून उठवायला गेलो. कुशीवर होती, हात उशीखाली. डॉक्टर म्हणाला, डोक्यातली शीर. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. आमच्या कळंबोलीत एवढी माणसं आपल्याला ओळखतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यातली निम्मी तिच्याशी भांडलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर पाहुणे झोपलेले. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पोरगी उठली, म्हणाली, "बाबा, कुठे?" मी म्हटलं, आईचं एक काम राहिलंय. बस पकडली आणि बेलापूरला उतरलो.

देवस्थळी मला बघून खुर्चीतून उठलेच. "अहो, तुम्ही कशाला आलात? आम्ही निघतच होतो तुमच्याकडे. फार वाईट झालं. सुमनताईंशिवाय आमचं—"

"तिचं काय ठरलं?"

"कशाचं?"

"कायमचं. आज सांगणार होतात."

त्यांनी चिटणीसकडे बघितलं, मग टेबलाकडे. "आता त्या विषयात काय अर्थ आहे?"

"अर्थ मी माझा बघतो. तुम्ही नुसतं सांगा."

साहेब टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "करणारच होतो हो कायम. नक्की झालं होतं."

मी आयुष्यभर गेटवर उभा राहिलेला माणूस आहे. 'पाच मिनिटात सोडतो' हे म्हणणाऱ्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. मी चिटणीसकडे वळलो. तो कोपऱ्यात उभा होता.

"तुम्ही सांगा."

"चिटणीस, आत्ता नको," देवस्थळी म्हणाले.

"सांगू द्या सर." त्याला बोलायला जड जात होतं. "काका, नव्हतं ठरलं. महिनाअखेरपर्यंत ठेवायचं, मग नाही, असं ठरलं होतं. मी विरोध केला होता. पण सर म्हणाले, ताईंनी काम इतकं पक्कं केलंय की आता त्याला कोणी हात लावायची गरज उरली नाही."

"म्हणजे कच्चं केलं असतं तर राहिली असती."

पंखा फिरत होता. बाहेरच्या खोलीतली माणसं आमच्याकडे बघत नाही असं दाखवत बघत होती.

"महिनाअखेरपर्यंत म्हणालात. म्हणजे आज तिची ड्यूटी होती?"

"हो," चिटणीस म्हणाला.

"तिची खुर्ची कुठली?"

त्यानं दाखवली. खिडकीशेजारची. मी जाऊन बसलो. देवस्थळी मागोमाग आले. "काका, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण इथं आता पार्टी येणार आहे, मीटिंग आहे."

"घ्या ना मीटिंग. मी मधे बोलणार नाही. ऑफिस सहाला सुटतं ना?"

"सहाला."

"सहाला उठतो."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. चिटणीस आला, वाकून त्यानं समोरचा कॉम्प्युटर चालू केला. का केला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काळ्या काचेवर हिरव्या अक्षरांच्या ओळी आल्या, एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून बघायला सुरुवात केली.